रजेवरचा कैदी आणि आवाक्यातली बंदूक

कैद्याला रजा द्यावी की नाही, हा आपल्याकडचा वाद बहुधा एकाच भीतीभोवती फिरतो: तो परत येईल का? जामीनदार कोण, पत्ता खरा आहे का, मागच्या खेपेला वेळेवर हजर झाला होता का, एवढे तपासले की कागद पुढे सरकतो. त्या दोन-चार आठवड्यांत त्याच्या हाताला काय लागू शकते आणि गावात कोणाचा त्याच्यावर किंवा त्याचा कोणावर डूख आहे, हे प्रश्न फाइलीत आले तरी एखाद्या ठरीव ओळीपुरतेच येतात. गोळीबाराच्या दृष्टीने पाहिले तर फरार होणे दुय्यम आहे. पळालेला कैदी बहुतेक वेळा लपून राहतो. उलट मुदतीत परतण्याची पूर्ण तयारी असलेला कैदीही रजेच्या तिसऱ्या दिवशी कोणाला तरी मारू शकतो, किंवा स्वतः मारला जाऊ शकतो.

या विवेचनासाठी वाशिम जिल्हा मुद्दाम निवडला आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा, सोयाबीन-तुरीचा हा जिल्हा टोळीयुद्धासाठी प्रसिद्ध नाही. इथे खून होतात ते बहुतांशी कुऱ्हाडीने, विळ्याने, काठीने. जिथे बंदूक अजून विरळ आहे तिथेच प्रतिबंधाला काही अर्थ असतो. एकदा टोळ्यांनी गल्ल्या वाटून घेतल्या की उरतो तो नुसता बंदोबस्त.

रजा म्हणजे नेमके काय

महाराष्ट्रात कैद्यांच्या रजा १९५९ च्या मुंबई फर्लो व पॅरोल नियमांनुसार मिळतात. संचित रजा, म्हणजे फर्लो, ही ठरावीक शिक्षा भोगल्यावर चांगल्या वर्तनामुळे मिळते. तिला विशेष कारण लागत नाही आणि तो काळ शिक्षेत धरला जातो. अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, ही कारणापुरती असते: घरातला मृत्यू, लग्न, गंभीर आजार, पत्नीचे बाळंतपण, घर पडणे, पूर. तो काळ शिक्षेत मोजला जात नाही. बाहेर आलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र दोन्ही सारख्याच. घर, गाव आणि मोजलेले दिवस.

अमेरिकेतला पॅरोल निराळा. तिथे शिक्षेचा उरलेला भाग माणूस देखरेखीखाली बाहेर काढतो, कधी कधी वर्षानुवर्षे, आणि त्याच्यावर नेमलेला अधिकारी असतो. तिथल्या उपायांची नक्कल इथे चालणार नाही, याचे हे पहिले कारण. आपल्याकडे देखरेखीचा काळ इतका तोकडा असतो की कोणी ओळख करून घेईपर्यंत माणूस परत आत गेलेला असतो.

वाशिमच्या न्यायालयात जन्मठेप झालेला माणूस साधारणपणे अमरावतीच्या किंवा नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात जातो. त्याच्या रजेचा अर्ज तुरुंगातून निघतो, निर्णय नागपूरला कारागृह उपमहानिरीक्षकांकडे किंवा अमरावतीला विभागीय आयुक्तांकडे व्हायचा असतो, आणि चौकशीसाठी तो वाशिमच्या पोलीस अधीक्षकांमार्फत अनसिंग, आसेगाव, धनज, शिरपूर अशा एखाद्या ठाण्यात येऊन पडतो. तिथला बीट जमादार गावात जातो. पोलीस पाटील, सरपंच आणि दोन शेजारी यांचे जबाब होतात. कैदी गावात आल्यास शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही, अशा अर्थाचे वाक्य लिहिले की अहवाल प्रतिकूल; ते वाक्य नसले की अनुकूल. शक्यता तर कशाचीच नाकारता येत नाही. म्हणूनच अशा मोघम अहवालावर नाकारलेल्या रजा उच्च न्यायालयाने अनेकदा पुन्हा विचारासाठी परत पाठवल्या आहेत. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या नारायण साई प्रकरणात फर्लो हा निरपवाद हक्क नसल्याचे सांगितले, आणि २०१७ च्या अस्फाक प्रकरणात रजेचा हेतू माणसाला समाजाशी जोडून ठेवणे हा असल्याचेही सांगितले. या दोन्हींमध्ये विरोध नाही. पण दोन्ही पाळायचे तर अहवालात माहिती असावी लागते, आणि ती नसते.

नियम कडक होतात ते कशामुळे

नियमांच्या दुरुस्त्या ओळीने वाचल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. वडाळ्यातल्या एका तरुण वकील महिलेच्या खुनात जन्मठेप झालेला कैदी २०१६ मध्ये नाशिक रोड कारागृहातून पॅरोलवर सुटला आणि परतलाच नाही; तो सापडला २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये, थेट जम्मू-काश्मीरमध्ये. २०१६ च्या ऑगस्टमध्येच नियम आवळले गेले. बलात्कार, दरोडा, खंडणीसाठी अपहरण, दहशतवाद अशा गुन्ह्यांतल्या कैद्यांवर बंधने आली. पुढे कोविडच्या साथीत, ८ मे २०२० च्या दुरुस्तीने, नेमके उलटे दार उघडले. तुरुंगातली गर्दी कमी करण्यासाठी ४५ दिवसांची आकस्मिक रजा देण्यात आली आणि ती तीस-तीस दिवसांनी वाढत गेली. २०२२ च्या मे महिन्यात ती सवलत बंद झाली, तेव्हा अनेक जण परतले नाहीत आणि भारतीय दंड संहितेच्या कलम २२४ खाली गुन्हे नोंदवावे लागले. हल्ली त्याच गुन्ह्यासाठी न्याय संहितेचे कलम २६२ आहे.

दोन्ही वेळा चर्चा झाली ती पळालेल्यांचीच. कोविडच्या रजेइतका मोठा प्रयोग राज्याच्या तुरुंगांनी त्याआधी केला नव्हता, आणि त्या दीर्घ काळात बाहेर असलेल्यांपैकी किती जण हिंसेत सापडले हा प्रश्न परतलेल्यांच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोलाचा होता.

गुन्ह्याच्या कलमावरून रजा नाकारण्याच्या पद्धतीतही हीच गफलत आहे. धुऱ्याच्या वादातून झालेला साधा खून बंदीच्या यादीत बसत नाही. पण ज्या कैद्याचा फिर्यादी धुऱ्याच्या पलीकडेच राहतो आणि दोन्ही घरांत तरुण मुले आहेत, त्याच्या रजेत परगावी दरोडा घातलेल्या कैद्याच्या रजेपेक्षा जास्त धोका असू शकतो. कलम सांगते ते झालेल्या गोष्टीबद्दल. होऊ शकणारी गोष्ट माणसे, अंतर आणि हत्यार यांवर ठरते.

हत्यार कुठून येते

गोळीबार होण्यासाठी डूख आणि हत्यार एकाच वेळी एकाच जागी यावे लागतात. डुखावर उपाय करायला वेळ लागतो. हत्याराच्या वाटा तुलनेने मोजक्या आहेत, म्हणून त्या आधी पाहू.

पहिली वाट गावठी कट्ट्याची. वऱ्हाड-खानदेशात पकडल्या जाणाऱ्या पिस्तुलांची नावे पुन्हा पुन्हा मध्य प्रदेशातल्या त्याच गावांशी जोडली जातात: बडवानी जिल्ह्यातले उमर्टी, जे जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्याला लागून आहे, आणि बऱ्हाणपूर जिल्ह्यातले पाचोरी, जिथून बुलढाण्याचा संग्रामपूर-जळगाव जामोद पट्टा जवळ पडतो. हत्यारे घडवण्याचे कसब पिढीजात असलेले काही शिकलगार कारागीर या धंद्यात आहेत. सगळा समाज त्यात आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि पोलिसी कामाच्या दृष्टीनेही निरुपयोगी. अकोट, अकोला, वाशिम आणि पुढे हिंगोली-नांदेड असा राज्याला उभा छेद देणारा रस्ता आहेच. शिवाय ११ डिसेंबर २०२२ पासून नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्गही कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या भागातून जातो. बाहेरचा माणूस येऊन जाऊन दोन तासांत जिल्ह्याबाहेर असू शकतो.

ही वाट नुसत्या नकाशावरची नाही. अकोट तालुक्यातल्या एका तरुणाला २०२४ च्या सुरुवातीला शस्त्र कायद्याखाली अटक झाली आणि त्याला जामीन मिळाला. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांची गोळ्या घालून हत्या झाली, आणि मुंबई पोलिसांनी कटातला प्रमुख फरार आरोपी म्हणून त्याच तरुणाचे नाव घेतले. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचा आहे, आणि तो तरुण जामिनावर होता, पॅरोलवर नव्हे. पण वाशिमच्या शेजारच्या, कालपर्यंत एकाच असलेल्या जिल्ह्यातली ही घटना एक प्रश्न ठळक करते: शस्त्राच्या गुन्ह्यातला माणूस बाहेर येतो तेव्हा त्याचा पुरवठादार कोण होता आणि आज तो कुठे आहे, हे कोणी पाहते का?

दुसरी वाट परवान्याच्या बंदुकीची, आणि माझ्या मते तिच्याकडे झालेले दुर्लक्ष जास्त धोक्याचे आहे. आपण कट्ट्याची बातमी वाचतो; घरातल्या कपाटात ठेवलेल्या बारा बोअरची बातमी होत नाही. वाशिमसारख्या जिल्ह्यात परवाने असतात ते मोठ्या शेतकऱ्यांकडे, राजकारण्यांकडे, व्यापाऱ्यांकडे, सेवानिवृत्त सैनिकांकडे, बँकांच्या आणि खासगी सुरक्षारक्षकांकडे. रोही आणि रानडुकरांनी ज्यांचे पीक लोळवले आहे त्या शेतकऱ्यांसाठी शस्त्र कायद्यातच पीकसंरक्षणाच्या भरमार बंदुकीची सोय आहे. कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या किंवा काटेपूर्णाच्या आसपासच्या शेतकऱ्याला ती मागावीशी वाटणे समजण्यासारखे आहे. प्रश्न परवानाधारकाचा नाहीच. प्रश्न आहे त्याच्या भावाचा, मेहुण्याचा, ज्याच्यासाठी तो जामीनदार राहिला आहे त्याचा.

८ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईच्या दहिसर-बोरिवली भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. मारणारा बलात्काराच्या एका प्रकरणात तुरुंगात राहून जामिनावर सुटलेला होता, आपल्या तुरुंगवासामागे घोसाळकर आहेत असा डूख तो धरून होता, आणि बंदूक होती त्याच्या अंगरक्षकाची, उत्तर प्रदेशातून परवाना घेतलेली. त्याने नंतर स्वतःलाही संपवले. मला वाटते, या एका घटनेत सगळा सिद्धान्त सामावलेला आहे. सुटलेल्या माणसाच्या नावावर शस्त्र नव्हते. कोणत्याही नोंदवहीत त्याचे नाव शोधले असते तर पान कोरे निघाले असते. शस्त्र त्याच्या आवाक्यात होते, आणि डुखाचा माणूस ओळखीचा होता.

कायदाही इथे थोडा अपुरा पडतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ९ हिंसेच्या गुन्ह्यात कैद झालेल्याला शस्त्र बाळगण्यास मनाई करते, पण त्यातली मुदत शिक्षा संपल्यानंतरच्या पाच वर्षांची आहे. शिक्षा चालू असताना काही दिवस बाहेर आलेला माणूस त्या वाक्यात नावाने कुठेच नाही. कायदा करणाऱ्यांनी तो आतच असेल असे धरले असावे. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे, त्यामुळे कैद्याला शिक्षा करता येत नाही असे नव्हे. पण घरातल्या दुसऱ्याच्या परवान्याबद्दल तो कायदा आपणहून काही करत नाही. करू शकतात ते जिल्हादंडाधिकारी: कलम १७ खाली सार्वजनिक शांतता आणि सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास परवाना निलंबित करण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे.

या अधिकाराचा सराव आपल्या जिल्ह्यांना चांगला आहे. निवडणूक आली की छाननी समिती बसते, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यादी पाहतात, आणि ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांची शस्त्रे ठाण्यात जमा होतात. निकालानंतर पावती दाखवून परत मिळतात. कोणाचा परवाना रद्द होत नाही, कोणाचा अपमान होत नाही. मतदानाच्या महिन्यात जे चालते ते रजेच्या महिन्यात का चालू नये, याला मला पटण्यासारखे कारण सापडत नाही. कैद्याच्या घरातले, जामीनदाराचे आणि ज्या पक्षाशी वैर आहे त्या पक्षाचे, अशी तिन्हीकडची परवान्याची शस्त्रे रजेपुरती जमा करून घ्यावीत. तिसऱ्या पक्षाला वगळणे ही मोठी चूक ठरेल.

मारणारा आणि मरणारा

तिसरा पक्ष का, ते नीट पाहायला हवे. रजेवरच्या कैद्याकडे आपण फक्त संभाव्य मारेकरी म्हणून पाहतो. तो संभाव्य बळीही असतो. ५ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात कोथरूडमध्ये शरद मोहोळ या गुंडावर भर दुपारी गोळ्या झाडल्या गेल्या, त्या त्याच्याच बरोबर वावरणाऱ्यांनी. तुरुंगातून बाहेर आलेल्या माणसाची वाट पाहणारे नेहमी घरचेच असतात असे नाही.

खेड्यात हे आणखी उघड असते. ज्याचा बाप मारला गेला तो मुलगा आता वीस वर्षांचा आहे. मारणारा आठ वर्षांनी पोळ्याला गावात येतो, बैल धुतो, देवळात जातो. त्या मुलाला न्यायालयाने काय दिले ते कागदावर आहे; आठ वर्षांत त्याला कोणी भेटायला आले नाही हे कागदावर नाही. रजेची बातमी त्याला कळते ती पारावर. फिर्यादी आणि साक्षीदारांना रजेची सूचना देण्याची ठाम पद्धत नसल्यामुळे अफवा आधी पोहोचते आणि कैदी नंतर. महाराष्ट्राचा साक्षीदार संरक्षण कायदा २०१७ चा आहे, सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना २०१८ ची. दोन्ही खटला चालू असेपर्यंतच आठवतात. शिक्षा झाली की साक्षीदार एकटा.

उलट बाजूही तितकीच खरी. वकिलाच्या फीपायी कैद्याच्या घराने दोन एकर विकलेली असते. ती बहुधा ज्याने घेतली तोही गावातलाच. बायकोला मजुरीला ठेवताना लोक पुढे-मागे पाहतात. तो घरी येतो आणि पहिल्या दोन रात्रींत आठ वर्षांचा हिशेब ऐकतो. डूख ताजा होतो तो तेव्हा. कुऱ्हाड घेऊन निघालेल्या माणसाला अंतर कापावे लागते, अंगात जोर लागतो आणि मध्ये चार माणसे पडतात. कट्टा हातात असला की यातले काहीच लागत नाही. भांडणांची संख्या तीच राहूनही मृत्यूंची संख्या बदलते ती यामुळे.

या ठिकाणी ठाण्यातल्या हजेरीविषयी एक सांगायला हवे. रजेच्या अटींमध्ये जवळच्या ठाण्यात हजेरी असते. ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता. टपून बसलेल्यासाठी यापेक्षा सोयीचे वेळापत्रक नाही. शिवाय साहेब बाहेर गेले आहेत म्हणून माणूस दिवसभर बाकावर बसून राहतो, रोज बुडतो आणि सारे गाव पाहते. हजेरी हवीच, पण ती वेळ बदलून, आणि शक्य तेव्हा बीट जमादाराने घरी जाऊन घ्यावी.

शिकागोतला एक तास

परदेशातल्या ज्या उपायाकडे बंदुकीच्या संदर्भात लक्ष जाते तो साधा आहे. बोस्टनमध्ये १९९६ मध्ये टोळ्यांतल्या तरुणांना समोर बसवून थेट इशारा आणि थेट मदत एकाच वेळी देण्याचा प्रयोग झाला. शिकागोने २००२-०३ च्या सुमारास तो पॅरोल आणि प्रोबेशनवरच्या लोकांसाठी वळवला. शस्त्राच्या गुन्ह्यात सापडलेल्या आणि नुकत्याच सुटलेल्या काही जणांना शाळा, उद्यान, वाचनालय अशा जागी बोलवायचे, पोलीस ठाण्यात नव्हे. अधिकारी आणि ते एकाच टेबलाभोवती, एकाच उंचीवर बसत. साधारण एक तास. आधी सरकारी वकील नेमकेपणाने सांगत की पुन्हा बंदूक सापडली तर कोणत्या कायद्याखाली किती वर्षे. मग पूर्वी तुरुंगात राहून आलेला आणि आता सरळ जगणारा माणूस बोले. शेवटी काम, शिक्षण, व्यसनमुक्ती याबद्दल सांगणारे लोक. टेहळणी नाही, अटक नाही. अँड्र्यू पापाक्रिस्टोस, ट्रेसी मिअर्स आणि जेफ्री फेगन यांनी २००७ मध्ये या कार्यक्रमाचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. ज्या भागांत तो चालला तिथे खुनांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी खाली आल्याचे त्यांना दिसले आणि त्या घटीशी या बैठकांचा संबंध सर्वांत दाट आढळला. भाग चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, म्हणून आकडा जपून वापरावा. तरी त्यांचे स्पष्टीकरण विचारात घेण्याजोगे आहे: माणूस कायदा पाळतो तो केवळ भीतीने नव्हे, त्याच्याशी न्यायाने बोलले गेले असे त्याला वाटले तर पाळतो. टॉम टायलर यांनी १९९० मध्ये हेच मांडले होते.

वाशिमला अशी सामूहिक बैठक घालण्यात अर्थ नाही. एका वेळी रजेवर असलेले कैदी मूठभर, तेही सहा तालुक्यांत विखुरलेले. इथे तो तास एकेका माणसाबरोबर, तो तुरुंगातून निघण्याआधी व्हायला हवा. कारागृहांत न्यायालयीन तारखांसाठी व्हिडिओ कॉन्फरन्सची सोय आहेच. पडद्यावर त्याच्या ठाण्याचा निरीक्षक, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील आणि घरचे एक माणूस असावे. निरीक्षकाने सांगावे की गावात सध्या काय चालू आहे, कोणत्या घरापासून लांब राहणे बरे, आणि कोणी धमकावले तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा. हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. आपल्या जिवाला धोका आहे असे वाटणारा माणूस पोलिसांकडे जाऊ शकत नसेल तर तो कट्ट्याकडे जातो. स्वसंरक्षणासाठी घेतलेल्या कट्ट्यानेच बहुधा पहिली गोळी सुटते.

माझ्या दृष्टीने पायात घालायच्या जीपीएस पट्ट्याचे मोल याहून कमी आहे. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांना पाठवलेल्या आदर्श कारागृह कायद्यात तशी तरतूद आहे, आणि जम्मू-काश्मीरमध्ये जामिनावरच्या आरोपीसाठी असा पट्टा वापरलाही गेला. पट्टा सांगतो माणूस कुठे आहे. हातात काय आहे आणि मागून कोण येते आहे, ते सांगत नाही. फरार होण्याच्या भीतीवरचेच ते औषध.

चौकशीचा कागद

मूळ दुरुस्ती व्हायला हवी ती ठाण्यातून जाणाऱ्या अहवालात. शांतता भंगाच्या ठरीव वाक्याऐवजी जमादाराला काही थेट गोष्टी लिहायला लावाव्यात: फिर्यादी आणि साक्षीदार कैद्याच्या घरापासून किती अंतरावर राहतात, दोन्ही घरांत मागच्या वर्षभरात वाद, धमकी, मारहाण झाली का, कैदी, त्याचे घर, जामीनदार आणि विरोधी पक्ष यांपैकी कोणाकडे परवान्याचे शस्त्र आहे, मूळ गुन्ह्यात बंदूक होती का, असल्यास ती कोणाकडून आली, आणि रजेत तो राहणार कुठे, गावात की सासुरवाडीला. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा सगळा धोकाच संपवते. मंगरूळपीर तालुक्यातल्या माणसाने तीन आठवडे यवतमाळ जिल्ह्यात बहिणीकडे राहावे अशी अट घालून रजा देणे हे नाकारण्यापेक्षा शहाणपणाचे.

या प्रश्नांचा दुसरा फायदा असा की त्यांत जातीला जागा नाही. वऱ्हाडात फासेपारधी आणि इतर विमुक्त समाजांच्या माणसांबद्दलचे अहवाल कसे लिहिले जातात हे ठाण्यात वावरलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला. ‘सराईत’ हा शेरा गेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात तुरुंग नियमावल्यांमधला जातिभेद घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजणाऱ्या उल्लेखांवर नेमके बोट ठेवले. तो निकाल तुरुंगाच्या आतला आहे असे समजून ठाण्यांनी स्वस्थ बसू नये. जात पाहून लिहिलेला अहवाल अन्यायकारक असतोच. धोका मोजण्याच्या कामीही तो टाकाऊ असतो, कारण खरा धोका ज्याच्या कपाटात बंदूक आहे त्या प्रतिष्ठित घराकडे त्याचे लक्षच जात नाही.

गावपातळीवर लागणारी माणसे नवी नेमावी लागत नाहीत. पोलीस पाटील १९६७ च्या कायद्याने बांधलेला आहे. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्या कित्येक गावांत नावापुरत्या उरल्या असल्या तरी जिथे अध्यक्ष वजनदार आहे तिथे अजून दोन्ही पक्ष त्याचे ऐकतात. खुनानंतर समेट होत नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये. पण धुऱ्याची मोजणी, विहिरीचा हिस्सा, अडवलेला पांदण रस्ता हे प्रश्न रजेआधी सुटू शकतात, आणि पुढचे भांडण बहुधा त्यांवरूनच होते. पहिल्या तीन दिवसांत घरी एक चक्कर व्हावी, ती खाकीतल्या माणसाची नव्हे. जिल्हा परिविक्षा अधिकारी आहेत; अमरावतीची वऱ्हाड ही संस्था कैद्यांच्या कुटुंबांबरोबर काम करत आली आहे. अशा माणसाने विचारलेल्या साध्या प्रश्नाला बायको आणि आई जे उत्तर देतात ते जमादाराला मिळत नाही. घरात कट्टा आला आहे हे सर्वांत आधी त्यांनाच कळते.

यावर आक्षेप ठरलेला आहे: एवढा उपद्व्याप कशाला, रजाच देऊ नका. या आक्षेपाचे बळ तर्कात नाही, नोकरीत आहे. रजा नाकारल्याबद्दल कोणा अधिकाऱ्याला जाब द्यावा लागत नाही. रजेवर काही घडले तर सही करणाऱ्याला द्यावा लागतो. पण जन्मठेपेचा बहुतेक कैदी कधी ना कधी सुटतोच. चौदा वर्षे गावाचे तोंड न पाहता एकदम सुटलेला माणूस आणि दर वर्षी काही दिवस येऊन परत गेलेला माणूस यांत गावाला दुसरा परवडतो. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभे केले तेव्हा खुनाच्या कैद्यांना भिंतीशिवाय ठेवण्याला लोक वेडेपणा म्हणाले असतील. ती वसाहत अजून चालू आहे.

मोजमापाबाबत एक सावधगिरी. एकट्या वाशिमचे आकडे इतके लहान असतील की वर्षभर एकही गोळीबार झाला नाही म्हणून उपाय यशस्वी, किंवा एक झाला म्हणून फसला, असे म्हणता येणार नाही. नोंदी अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांत, अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम आणि यवतमाळमध्ये, एकाच नमुन्यात आणि निदान पाच वर्षे ठेवाव्या लागतील: किती रजा, किती जण वेळेवर परत, रजेत कैद्याकडून किती हिंसा, कैद्यावर किती, साक्षीदारांच्या तक्रारी किती, किती शस्त्रे जमा. यातला फक्त परतीचा आकडा आज कोणी मागतो.

जिल्हा हे सगळे करील तेव्हा करील. तुमच्या नात्यातला कोणी रजेवर येणार असेल आणि तुम्ही त्याचे जामीनदार असाल, तर घरातली परवान्याची बंदूक तो येण्याच्या आदल्या दिवशी ठाण्यात जमा करा, काडतुसांसकट, आणि पावती जपून ठेवा.